कुंडींतील खताचा जमाखर्च

जमिनीस खत कसें द्यावें हें आम्हीं आमच्या वाचकांस शिकवूं जाणें म्हणजे पाटलास गांवची शीव दाखविण्यासारखें होईल. परंतु अलीकडे बहुतेक घरांतील एखादें मूल शहरांत राहावयास गेलेलें असतें, आणि तेथें खिडकीपाशीं चार कुंड्या मांडून ‘यांस खत किती घालावें?’ असें गांवीं विचारीत असतें. अशा वेळीं शेतांतला अंदाज कुंडीस लावून चालत नाहीं. हें आम्ही एक वेल गमावून शिकलों. तोच अनुभव येथें सादर करितों.

तालुका कचेरींतील कारकुनी संपल्यावर आम्ही मुलाकडे शहरांत राहावयास आलों. तेव्हां आमच्या मातोश्रींनीं परड्यांतील नागवेलीचीं दोन फाटीं बरोबर घेतलीं. त्यांचें तरुणपण पानमळ्यांत गेलेलें. पान घरच्या वेलीचेंच हवें, एवढाच त्यांचा हट्ट. नागवेल सावलींत वाढणारी, सबब पूर्वेच्या खिडकीपाशीं दोन कुंड्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, भरून तीं फाटीं लाविलीं. पुढें गांवचें घर वाटणींत गेलें व परडें मोडलें. परड्यांतली ती वेल आतां या दोन कुंड्यांतच काय ती उरली.

काथ्याच्या भुशांत झाडाचें अन्न फारच थोडें. जें द्यावयाचें तें पाण्यांत विरघळवूनच द्यावें लागतें. ही रीत आजची नव्हे. इ. स. १८६० च्या सुमारास झाक्स व क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनीं मातीवांचून केवळ क्षारांच्या द्रावणावर झाडें वाढवून दाखविलीं. इ. स. १९३७ मध्यें कॅलिफोर्नियांतील गेरिक यांनीं या पद्धतीस ‘हायड्रोपोनिक्स’ हें नांव प्रचारांत आणिलें, आणि इ. स. १९४६-४७ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनीं तेव्हांच्या दार्जिलिंग जिल्ह्यांतील कालिम्पाँग येथें साध्या साधनांनीं तिचे प्रयोग केले. रीत साधी आहे, पण तींत मापाची हयगय खपत नाहीं.

आमच्या हातून दोन चुका झाल्या. पहिली चूक कालविण्यांत. कॅल्शियम नायट्रेट, १९:१९:१९ आणि मॅग्नेशियम सल्फेट हीं तिन्ही खतें आम्हीं एकाच तांब्यांत थोड्या पाण्यांत घोळलीं. पाणी ताकासारखें पांढरें होऊन तळाशीं गाळ बसला. खतांत भेसळ असावी असें समजून आम्हीं तें फडक्यानें गाळून घेतलें व गाळ फेंकून दिला. वास्तविक भेसळ मुळींच नव्हती. दाट द्रावणांत कॅल्शियम व सल्फेट एकत्र आलीं कीं जिप्सम होतें. कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आलीं कीं न विरघळणारा क्षार होतो. म्हणजे झाडाचें अन्नच आम्हीं गाळून मोरींत टाकिलें! ठिबकांतून खतें देणारे बागाइतदार हीं खतें एका टांकींत कालवीत नाहींत. तोच नियम तांब्यासही लागू आहे.

दुसरी चूक याहून वाईट. वेल खुंटलेली पाहून ती उपाशी आहे असें आम्हीं ठरविलें आणि खत दुप्पट केलें. पंधरवड्यांत पानांच्या कडा करपल्या व कुंडीच्या कांठावर पांढरी खपली धरली. मातोश्रींनीं एक पान चुरगाळून पाहिलें व म्हणाल्या, “अरे, भुकेलेलं पान पिवळं पडतं. हे खारानं जळलंय. तू खत मोजतोस, पण खाली काय उतरतंय ते कधी पाहिलंस का?”

तें आम्हीं कधींच पाहिलें नव्हतें. मातीपरीक्षणाच्या पत्रिकेंत विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, दाखविलेली असते. तीच मोजण्याचें लहान यंत्र आणून पाहिलें. वरून घातलेल्या द्रावणाची वाहकता २.१ डेसीसायमन प्रति मीटर भरली. कुंडीच्या भोंकांतून उतरलेल्या पाण्याची ५.६! एक वेल तोंवर मुळांतून कुजली होती. दुसरीच्या कुंडींत, कुंडीच्या मापाच्या तिप्पट स्वच्छ पाणी सावकाश ओतून निचरूं दिलें, तेव्हां ती कशीबशी वांचली.

शेतांतील जादा क्षार पावसाच्या निचऱ्यानें बराचसा खालीं जातो. कुंडींत झाड पाणी पिऊन घेतें आणि न खपलेला क्षार तेथेंच राहतो. पुढच्या खेपेचा क्षार त्यांत मिळतो. जमेचा आंकडा कितीही नेमका असला तरी अखेरची बाकी पाहिल्यावांचून खातें कळत नाहीं, हें जन्मभर कचेरींत लिहूनही आम्ही घरीं विसरलों होतों.

आतां आम्ही वागतों ती रीत अशी :

१. दोन बाटल्या कराव्या. ‘अ’ बाटलींत एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. ‘ब’ बाटलींत एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम १९:१९:१९ व ३० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यें घालावयाचीं तीं पाकिटावरील प्रमाणानें ‘ब’ मध्यें घालावीं. अर्धा ग्रॅम घरच्या काट्यावर तोलतां येत नाहीं, ५० ग्रॅम तोलतां येतो. दाट अर्क करून ठेवण्याचा हाच मोठा लाभ.

२. देतेवेळीं आधीं एक लिटर पाणी घ्यावें, त्यांत १० मिलिलिटर ‘अ’ घालून ढवळावें, मग १० मिलिलिटर ‘ब’ घालावें. दोन्ही अर्क एकमेकांत थेट ओतूं नयेत. जेथें उजेड कमी तेथें झाडाची वाढ कमी. तेथें हें प्रमाणही निम्में करावें.

३. द्रावणाचा सामू साडेपांच ते साडेसहा असावा. विहिरीचें अगर बोअरचें जड पाणी सामू चढवितें, आणि चढलेल्या सामूंत लोह झाडास मिळत नाहीं. कोंवळीं पानें पिवळीं व शिरा मात्र हिरव्या, ही त्याची खूण. अशा वेळीं आणखी खत न घालतां सांठविलेलें पावसाचें पाणी मिसळावें, किंवा तयार द्रावणांत लिंबूसत्त्व चिमटी चिमटीनें घालून कागदानें सामू पाहावा.

४. आठवड्यांत एकदां द्रावण, एरव्हीं वरचा थर सुकल्यावर साधें पाणी. द्रावण घालावें तें एवढें कीं सुमारें पांचवा हिस्सा खालीं उतरेल. ताटलींत उतरलेलें पाणी ओतून टाकावें. तें पुन्हां कुंडीस पाजूं नये.

५. महिन्यांतून एकदां उतरलेल्या पाण्याची वाहकता मोजावी. घातलेल्या द्रावणाच्या दुपटीजवळ ती गेली कीं खत थांबवून स्वच्छ पाण्यानें कुंडी धुवावी. यंत्र नसल्यास कांठावरची पांढरी खपली हीच नोटीस समजावी.

६. अर्काच्या बाटल्या घट्ट झांकून अंधारांत, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवाव्या आणि त्यांवर नांव व तारीख लिहावी. पिण्याच्या पाण्याची बाटली याकामीं कदापि वापरूं नये.

या सर्वांची एक वही ठेवावी. तारीख, घातलेलें, उतरलेलें, शेरा, एवढे चार रकाने पुरेत. आमच्या वहींत पहिल्या तीन महिन्यांत शेऱ्याचा रकाना ‘नवीन पान नाहीं’ याच शब्दांनीं भरला आहे. चवथ्या महिन्यांत कोंब फुटला. गेल्या कार्तिकांत मातोश्रींनीं पहिलें पान खुडलें, धुऊन घेतलें, चुना लावून तोंडांत टाकिलें, आणि बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “परड्यातलंच आहे.” त्या दिवसाचा शेरा आम्हीं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेविला आहे.

आतां त्या वेलीचीं तीन फाटीं वेगळ्या कुंड्यांत लाविलीं आहेत. एकाच कुंडीवर सारा भार ठेवण्याची चूक पुन्हां करणें नाहीं. वाचकांपैकीं कोणाचीं मुलें शहरांत कुंड्या राखीत असतील, त्यांस एवढेंच कळवावें कीं खत घालण्यापूर्वीं कुंडीखालचें पाणी पाहावें.