सातवी सही

पहाटे ५.४५

आमच्या आळीत कोंबड्याआधी स्कूटर आरवते. चाफ्याची पाटी पायाशी ठेवून कुणीतरी विरार स्टेशनाकडे निघालेलं असतं. फुलं दादरला उशिरा पोचली तर भाव पडतो. त्या आवाजाला मी उठते, चहाचं आधण ठेवते आणि चष्मा शोधते. 'देवाआधी सातबारा' असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, आणि ते कौतुकानं नसायचं.

आजचा उतारा अकरा गुंठ्यांच्या वाडीचा, मौजे आगाशी. डिजिटल सहीचा उतारा हल्ली पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. वर गाव नमुना सात, म्हणजे मालकी. खाली बारा, म्हणजे पीकपाणी. गिऱ्हाईक आधी क्षेत्र बघतं, मी 'इतर हक्क'चा रकाना बघते. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, आदिवासी जमिनीचा शेरा, सगळे साप त्याच बिळात असतात. इथे रकाना स्वच्छ आहे. बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र दहा गुंठे, त्यामुळे तुकडेबंदीचीही अडचण नाही.

नावं मात्र सात. तीन भाऊ, दोन बहिणी, वारलेल्या भावाची बायको आणि सगळ्यांची आत्या. सहाजणांचा होकार आहे. आत्याबद्दल थोरल्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तिचं काय, ती देईल सही."

सकाळी ९.३०

चाळपेठेच्या रस्त्यावर आमचा गाळा आहे. पाटीवर अजून यजमानांचं नाव आहे. ते गेल्यावर मी फक्त दूरध्वनी क्रमांक बदलला. भिंतीवर भवानीशंकराची तसबीर आणि शेजारी महारेराचं प्रमाणपत्र. रेरा १ मे २०१७ला लागू झाला आणि नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर एजंटालाही नोंदणी लागली. पुढे परीक्षाही आली. एक्कावन्नाव्या वर्षी लेकरांच्या वयाच्या मुलांबरोबर संगणकासमोर बसून मी ती दिली.

टेबलावर एक लांबोडकी वही असते. तीन रकाने : दलाली, पेट्रोल, शेरा. यजमानांची पद्धत. पहिले दोन रकाने संसारासाठी, तिसरा झोपेसाठी, असं ते म्हणत.

दिवाळी सरली की आमचा हंगाम सुरू होतो. पितृपंधरवड्यात कुणी इसाराचं नावही काढत नाही, आणि आता एकदम सगळ्यांना घाई. केळव्याहून वाडीचे घेणारे फोन करतात. चिकू-केळीवाले बागाईतदार, स्वतःच्या नावावर शेती असलेले. पूर्वी गाडीनं इकडे यायचं तर महामार्गाला लागून साठेक किलोमीटरचा वळसा पडायचा. एप्रिल २०२५मध्ये जलसार ते नारंगी रो-रो सुरू झाली आणि खाडीचं अंतर दीड किलोमीटरवर आलं. "वाडी बघायला येतो, का बोटीत बसायला येतो, हे बायको विचारते," ते हसून म्हणतात. मग गंभीर होतात. "पाणी मात्र भरपूर हवं हो, ताई. केळीला पाणी, बाकी सगळं मी बघतो."

"विहीर आहे. बारमाही."

हे मी थोरल्यांच्या शब्दावर सांगितलं.

सकाळी ११.१५

दुय्यम निबंधकांचं कार्यालय. बोळिंजच्या एका फ्लॅटचा करारनामा आहे. घेणारं जोडपं तरुण, कडेवर मूल. फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे मी त्यांना महिन्यापूर्वी सांगितलं होतं. नवऱ्यानं रात्रभर विचार केला म्हणे. आज सही तिचीच आहे. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर जात नाही. अंगठा, फोटो, दोन साक्षीदार.

बाहेर आल्यावर नवरा म्हणतो, "सुटलो. सरकारी शिक्का बसला."

मी त्याला थांबवते. नोंदणी म्हणजे दस्त झाला याची नोंद. विकणाऱ्याची मालकी निर्मळ आहे, इमारत कायदेशीर आहे, याची हमी तो शिक्का देत नाही. त्यासाठी तीस वर्षांचा शोध अहवाल, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र असं तिन्ही बघावं लागतं, आणि ते या फ्लॅटचं मी इसाराआधी बघितलं आहे. नालासोपाऱ्याला मलनिस्सारण प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडून झाल्या. तिथल्या लोकांनीही पेढे वाटलेच असतील. विकास आराखड्यात आपल्या सर्व्हे नंबरावर कुठला रंग आहे, हे पेढ्यांच्या आधी बघायचं असतं.

दुपारी १.४०

गाळ्यासमोर पांढरी, उंच गाडी लागते. मुंबईचं कुटुंब, शुक्रवारची रजा जोडून फिरायला निघालेलं. अर्नाळ्याची किनार झाली, सुरमईची थाळी झाली, मागच्या काचेवर वाळूचे हात उमटलेत. साहेब खुर्चीत बसता बसता म्हणतात, "छोटंसं काहीतरी बघा हो. पाच-सहा गुंठे. नारळाची झाडं, एक झोपाळा."

अशी माणसं मला आवडतात, खोटं कशाला बोलू? समुद्राचं वारं लागलं की माणसाला जमीन घ्यावीशी वाटते. मात्र परतीच्या वाटेवर वर्सोवा पुलाच्या कोंडीत तासभर काढला की ते वारं उतरतं. यजमान म्हणायचे, किनाऱ्यावर दिलेला शब्द पुलापलीकडे विचारावा.

"तुमच्या नावावर शेती आहे?"

"शेती? नाही बुवा. आजोबांची होती."

"उतारा आहे का आजोबांचा?"

ते बायकोकडे बघतात. मी समजावते. कूळ कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमानं, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. कुणी 'पाचशेच्या स्टँपवर करून देतो' म्हणालं तर उठून यायचं. बिनशेती झालेला प्लॉट चालेल, पण त्याचा आदेश आणि मंजूर रेखांकन बघून. नाहीतर आजोबांच्या गावी जाऊन वारसनोंदीचं बघा. तिथेच तुमचं शेतकरीपण पडून असेल.

साहेब जरा हिरमुसतात, पण बाई वहीत लिहून घेतात. जाताना विचारतात, "मग इथे नुसतं फिरायला आलं तर?"

"त्याला कुठलंच कलम नाही. खुशाल या."

दुपारी ३.३०

निर्मळ. जत्रा तोंडावर आलेली, तळ्याकाठी पाळण्यांचे सांगाडे उभे राहतायत. आत्यांचं घर मागच्या आळीत. ब्याऐंशीच्या आहेत, नजर तेज. पुढ्यात थोरल्यांनी पाठवलेला कागद, न उघडलेला.

"वाचून दाखव," म्हणतात.

मी वाचते. हक्कसोडपत्र. खरेदीखताआधी आत्यांनी आपला हिस्सा भाच्यांना विनामोबदला सोडून द्यायचा. कागद बेकायदेशीर नाही. आमच्याकडे बहिणींच्या आणि आत्यांच्या कितीतरी सह्या अशाच होतात, हळदीकुंकवाच्या वाटीशेजारी. पण वकिलानं 'राजीखुशीने' लिहिलं म्हणून ती राजीखुशी होत नाही. मी सरळ सांगते, "आत्या, ही सही केलीत तर पैसे त्यांना. न करता विकणाऱ्यांत सही केलीत, तर तुमच्या हिश्शाचे तुम्हाला. दोन्ही चालतं. ठरवायचं तुम्ही."

त्या बराच वेळ तळहाताकडे बघतात. "आधी वाडी दाखव. बारा वर्षांत पाऊल नाही ठेवलं."

संध्याकाळी ५.००

माझी जुनी वॅगन-आर या धंद्याला बरी आहे. दार उंच, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना वाकावं लागत नाही. आणि आगाशीच्या गल्ल्यांत समोरून टेम्पो आला तरी मागे घेता येते. आत्या पुढे बसतात. पट्टा लावून दिल्यावर म्हणतात, "घट्ट बांधलंस. पळून जाईन असं वाटलं?"

वाडीत त्या काठी टेकत सरळ विहिरीवर जातात. मी हातात मसुदा धरून चतुःसीमा जुळवते : पूर्वेला वाट, दक्षिणेला पाणंद, आणि विहीर मिळकतीच्या आत.

"आत आहे, पण एकट्यांची नाही," आत्या म्हणतात. "पाण्याच्या पाळ्या आहेत. चार दिवस आपले, तीन त्यांचे." काठी पलीकडच्या केळीकडे. "माझ्या बापानं आणि त्यांच्या बापानं मिळून खणली. मी माती वाहिली आहे टोपलीनं."

उताऱ्यात याचं अक्षर नाही. पण पलीकडच्या वाडीकडे जाणारा दगडी पाट समोर आहे, ओला. वीस वर्षांहून जुनी, उघड आणि विनाखंड वहिवाट असेल तर कायदा ती मानतो. केळव्याच्या गृहस्थांनी पैसे मोजल्यावर, पहिल्या उन्हाळ्यात, पाचव्या दिवशी शेजारी पाणी वळवायला आला असता. मग कोर्ट. मग माझं नाव.

परतताना आत्या म्हणतात, "समुद्रावरून ने." राजोडीला सुरूच्या झाडांखाली गाडी उभी करते. त्या उतरत नाहीत. काच खाली करून सूर्य बुडेपर्यंत बघतात. "मोटारीनं नुसतं फिरायला म्हणून पहिल्यांदाच आले. नाहीतर दवाखाना नाहीतर मयत."

मग, काच वर करताना : "विकणाऱ्यांत लिही माझं नाव. आणि पाळ्या लिही."

रात्री ८.४५

थोरले फोनवर तापतात. आत्यानं घोळ घातला, तुम्हाला तिकडे जायला सांगितलं कुणी, दुसरे दलाल पुष्कळ आहेत. मी ऐकून घेते. केळव्याचे गृहस्थ मात्र शांतपणे विचारतात, "चार दिवस पाणी? मग किंमत परत बोलू." म्हणजे व्यवहार मेला नाही, लांबला. वकिलांना नवा मसुदा करायला सांगते : विकणारे सात, विहीर समाईक, पाण्याच्या पाळ्या चार आणि तीन, शेजाऱ्यांची संमती जोडायची.

जेवण झाल्यावर वही उघडते. दलाली : बोळिंजची, अर्धी मिळाली, वाडीची शून्य. पेट्रोल : तीनशे. शेरा : आत्यांना जत्रेला न्यायचं आहे. सुकेळी आणायची.