अंगावर चरबी नाही, मग रक्तात कुठून आली?

घरातल्या कर्त्या पुरुषाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, की दुसऱ्या दिवसापासून 'ह्यांच्या'साठी वेगळी भाजी सुरू होते. तूप बंद, अंडं बंद, नारळ बंद. हे सगळं निगुतीनं करणारी गृहिणी स्वतःचं रक्त मात्र तपासून घेत नाही. “मला काय धाड भरलीय? मी कुठे जाडी आहे?” हे तिचं ठरलेलं उत्तर.

पण जाडीचा नि चरबीचा संबंध इतका सरळ नाही, बरं का! पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं होतं. अंगातली चरबी मोजली, तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटोच छापून आला. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी अशी दडून बसते.

बरं, रक्तातल्या चरबीचे प्रकारही अनेक. एलडीएल हे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तवाहिन्यांत थर धरणारं. एचडीएल चांगलं. तिसरी ट्रायग्लिसराइड, खाल्लेली साखर नि पिष्ट जास्त झालं की यकृत त्याची हीच चरबी बनवतं. महाराष्ट्राचाही समावेश असलेली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले १३.९ टक्के होते, ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. म्हणजे वरणावरच्या चमचाभर तुपावर सगळा राग काढून भागणार नाही. भाताच्या डोंगराकडे आणि साखरेच्या डब्याकडेही बघायला हवं.

“आमच्या आजीनं जन्मभर भातच खाल्ला,” असं कुणी म्हणेल. खरं आहे. घोडेगावहून भीमाशंकरला जाताना तळेघर लागतं. तिथल्या डोंगरात भात, नाचणी, वरई, खुरासणी ही जुनी पिकं. भर पावसात दिवसभर वाकून आवणी करायची, डोक्यावर मोळी घेऊन चढण चढायची आणि नाचणीची भाकरी खायची. त्या अंगाला भात पचत होता. त्याच डोंगरातली लेक लग्न होऊन मंचरला नाहीतर पिंपरीला येते. भात राहतो, तोही पांढराशुभ्र नि दोन्ही वेळेला. चढण जाते. चार वेळा चहा, त्याबरोबर बिस्किटं येतात. वरई उरते ती उपासापुरती, आणि तिथेही साबुदाण्याची खिचडी तिला मागे सारते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात तूप नि दाण्याचं कूट. याला उपास म्हणायचं तरी कसं?

तेव्हा ताटात भात वाटीभर, उसळ नि पालेभाजी दुप्पट, आणि एका वेळी तरी ज्वारी-नाचणीची भाकरी. तेल महिन्याला माणशी अर्धा किलो पुरे. चौघांच्या घरात दोन किलोंचा डबा महिनाभर गेला पाहिजे. भजी तळलेलं तेल परत परत तापवू नका. वनस्पती तुपातली खारी-नानकटाई सणापुरतीच बरी. आणि “दिवसभर पायांवरच असते की!” हे चालणं नव्हे. दम थोडा वाढेल असं अर्धा तास भरभर चालायचं.

तपासणीचं म्हणाल, तर २०२४ च्या भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार पहिल्या चाचणीला उपाशीपोटी जाण्याचीही गरज नाही. एलडीएल साधारणपणे १०० च्या आत हवं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ७० च्या आत. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. पाळी थांबली की एलडीएल चढायला लागतं, म्हणून त्या वयात तर हयगय नकोच. थायरॉइड मंदावलं तरीही कोलेस्टेरॉल वाढतं. आकडा चढा आला तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

गोळी दिली, तर ती मनानं थांबवू नका. आकडा खाली येतो तो गोळीमुळे. सोडली की परत वर जातो. ह्यांच्या पाकिटातली एखादी गोळी आपणही घ्यावी, हा काटकसरीचा मार्ग तर मुळीच नको. मूल हवं असेल, दिवस राहिले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा; या गोळ्या तेव्हा सहसा देत नाहीत.