पश्च आसाचे दंतचक्र-गुणोत्तर, जुन्या पिकअप गाड्यांचे

मोटरगाडीच्या मागील चाकांचा एक फेरा होण्यासाठी प्रचालक दंडाला (एंजिन व दंतचक्रपेटीकडून मागील आसाकडे शक्ती नेणाऱ्या दंडाला) जितके फेरे करावे लागतात, त्या संख्येस पश्च आसाचे दंतचक्र-गुणोत्तर म्हणतात. दंडाचे ३·७३ फेरे झाल्यावर चाकांचा एक फेरा पुरा होत असेल, तर गुणोत्तर ३·७३ होय. दंतचक्रपेटीतील गुणोत्तरे चालकाला वाटेल तेव्हा बदलता येतात. पश्च आसाचे गुणोत्तर मात्र कारखान्यात एकदाच ठरते व पुढे आस उघडल्याखेरीज बदलत नाही. त्यामुळे ते ठरविणे म्हणजे त्या गाडीने ओझे वाहावे की पल्ला गाठावा, हे ठरविण्यासारखेच असते. पुढे चालकाची बंदिस्त खोली व मागे उघडा हौदा असलेल्या अमेरिकन पिकअप गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. कारण फोर्ड एफ-१०० (१९५३–८३) किंवा १९६० साली निघालेली शेव्हर्ले सी-१० यांसारख्या गाड्या अजूनही हौसेने व कामासाठी वापरल्या जातात, पण त्या ज्या रस्त्यांसाठी घडविल्या गेल्या ते रस्ते आता तसे राहिलेले नाहीत.

रचना : प्रचालक दंडाच्या टोकाला बसविलेले लहान दंतचक्र (पिनियन) आसाच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या कंकणाकृती दंतचक्राला फिरविते. आपल्याकडील गॅरेजमध्ये या जोडीला ‘क्राउन-पिनियन’ असे म्हणतात. मोठ्या चक्राच्या दात्यांच्या संख्येला लहान चक्राच्या दात्यांच्या संख्येने भागले की गुणोत्तर मिळते. ४१ व ११ दात्यांच्या जोडीचे गुणोत्तर ३·७३, ३७ व ९ दात्यांच्या जोडीचे ४·११ आणि ४३ व १४ दात्यांच्या जोडीचे ३·०७ येते. हे आकडे असे विचित्र का, असे नवख्याला वाटते. दोन्ही संख्यांना सामाईक विभाजक नसला, तर लहान चक्राचा प्रत्येक दाता आळीपाळीने मोठ्या चक्राच्या सर्व दात्यांशी गाठ घेतो व झीज सर्वत्र सारखी होते. गुणोत्तर नेमके ३ किंवा ४ असेल, तर ठराविक दातेच पुनःपुन्हा एकमेकांना भिडतात. अशा जोडीवर कारखाने खुणा करून ठेवीत व जुळणी करताना त्या खुणा समोरासमोर आणाव्या लागत.

लहान चक्राचा अक्ष मोठ्या चक्राच्या मध्यरेषेच्या खाली ठेवणारी हायपॉइड पद्धतीची दंतचक्रे पॅकार्ड कंपनीच्या गाड्यांत १९२६ मध्ये आली व पुढे सर्वत्र रूढ झाली. या रचनेत दाते एकमेकांवर लोळण्याबरोबरच घासतही जातात. म्हणून त्यांना अतिदाब सहन करणारे खास वंगण लागते. साधे एंजिन तेल घातल्यास दाते अल्पावधीत खरवडले जातात.

मोठ्या चक्रालाच विभेदक (डिफरन्शियल) जोडलेला असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर काटावे लागते, त्याची सोय तो करतो. गुणोत्तराशी त्याचा तसा संबंध नाही. परंतु गुणोत्तर मोजताना तो विसरल्यास उत्तर निम्मे येते, हे पुढे दिसेल.

गुणोत्तराचा परिणाम : शब्दांचा एक घोटाळा आधी निस्तरला पाहिजे. आकडा मोठा (उदा., ४·११) असला म्हणजे कारागीर त्या आसाला ‘खालच्या’ गिअरचा म्हणतात व आकडा लहान (३·०७) असला म्हणजे ‘वरच्या’ गिअरचा. त्यामुळे ‘वरचा आस बसवा’ असे सांगणारा व ऐकणारा यांच्या मनात परस्परविरुद्ध अर्थ असू शकतात. कामाच्या वेळी आकडाच बोलावा हे बरे.

आकडा मोठा केल्यास चाकावर पोहोचणारा पीळ त्याच प्रमाणात वाढतो. ३·०७ ऐवजी ४·११ चा आस बसविल्यास त्याच गिअरमध्ये चाकांची ओढ सु. ३४ टक्क्यांनी वाढते. याची किंमत एंजिनाच्या फेऱ्यांत मोजावी लागते. गाडी सरळ गिअरमध्ये असताना एंजिनाचे मिनिटास फेरे = ५·३ × वेग × गुणोत्तर ÷ चाकाचा व्यास, हे सूत्र वापरता येते; त्यात वेग ताशी किमी.मध्ये व टायरसह चाकाचा व्यास मी.मध्ये घ्यावयाचा असतो. ७१ सेंमी. व्यासाच्या चाकावर ताशी १०५ किमी. वेगाने जाताना ४·११ गुणोत्तराला सु. ३,२२०, ३·७३ ला सु. २,९२० व ३·०७ ला सु. २,४१० फेरे पडतात. ओझ्याखाली टायर थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्ष फेरे यांहून किंचित अधिकच भरतात.

हे फेरे एंजिनाला किती जड जातात ते दट्ट्याच्या धावेवर अवलंबून असते. शेव्हर्लेच्या ट्रकांत १९६३ पासून बसविलेल्या २९२ घन इंची, सहा सिलिंडरांच्या एंजिनात ही धाव १०४·६ मिमी. आहे. मिनिटास ३,२२० फेऱ्यांना त्याच्या दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला सु. ११·२ मी. होतो, तर २,४१० फेऱ्यांना तो ८·४ मी. असतो. पहिल्या स्थितीत हे एंजिन मोडते असे नव्हे. पण तास-दोन तास तसे चालविल्यास चालकाच्या खोलीतील आवाज, तेलाचे तापमान व इंधनाचा खप ही तिन्ही वाढलेली आढळतात.

मूळ गुणोत्तरे अशी का होती : १९५० व १९६० या दशकांतील पिकअप गाडी हे प्रामुख्याने शेताचे व लहान व्यवसायाचे साधन होते. कच्च्या रस्त्यावरून गवताचे भारे, कुंपणाचे खांब, एखादे जनावर न्यायचे आणि वेग बेताचाच ठेवायचा, अशी तिच्याकडून अपेक्षा असे. म्हणून सहा सिलिंडरांच्या एंजिनाबरोबर ३·७० ते ४·११ च्या आसपासची गुणोत्तरे सर्रास दिली जात. शेव्हर्लेच्या एसएम-४६५ या चार गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर ६·५५ होते. ४·११ च्या आसाशी त्याचा गुणाकार सु. २६·९ भरतो. इतक्या ओढीने गाडी माणसाच्या चालीने नांगरटीच्या रानातूनही जाते. रोजच्या वापरात मात्र बरेच चालक दुसऱ्या गिअरमध्येच गाडी सुरू करीत.

आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ मध्ये झाला व पुढील दोन दशकांत रस्त्यांचे स्वरूप पालटले. तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची (सु. ८८ किमी.) राष्ट्रीय वेगमर्यादा घातली गेली, तेव्हा जुन्या गुणोत्तरांना काही काळ जीवदानच मिळाले. ग्रामीण आंतरराज्य मार्गांवर ती १९८७ मध्ये सैल झाली व १९९५ मध्ये रद्द झाली. याच टंचाईमुळे उलट टोकाच्या गाड्याही निघाल्या : इंधन वाचविण्यासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही पिकअप गाड्यांना २·७३ किंवा ३·०८ अशी गुणोत्तरे दिली गेली. त्या मोकळ्या रस्त्यावर शांत चालतात, पण हौदा भरला किंवा मागे जोडगाडी लावली की चढावर धापा टाकतात. तेव्हा जुनी गाडी म्हणजे आकडा कमीच करावयाचा, असा सरसकट समज चुकीचा आहे.

असलेले गुणोत्तर ओळखणे : आसावर किंवा त्याच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची चकती असल्यास तीवर आकडा कोरलेला असतो. फोर्डच्या चकतीवर ‘३एल५०’ असे असेल तर गुणोत्तर ३·५० व विभेदक घसरण रोखणारा, असा अर्थ होतो. मात्र पन्नास वर्षांच्या गाडीत आतली चक्रे बदललेली असून चकती तेवढी मूळची असणे शक्य आहे. प्रत्यक्ष मोजणे हाच खात्रीचा उपाय. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावून मागचा आस भक्कम आधारांवर टेकवावा, केवळ जॅकवर ठेवू नये. गिअर मोकळा करून दंडावर व चाकावर खडूची खूण करावी. साधा विभेदक असल्यास एक चाक स्थिर धरून दुसरे नेमके दोन फेरे फिरवावे. दंडाचे जितके फेरे होतील तितके गुणोत्तर. एकच फेरा फिरविल्यास विभेदकामुळे दंड निम्मेच फेरे करतो. दोन्ही चाके बरोबर फिरत असतील, तर एका फेऱ्याचीच मोजणी पुरते.

निवड : टायरचा व्यास हा निवडीतील पहिला घटक होय, आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. ७१ सेंमी.च्या जागी ७९ सेंमी. व्यासाचे टायर घातले, तर ४·११ चा आस ३·६९ च्या आसासारखा वागू लागतो व ताशी १०५ किमी.ला फेरे सु. २,९०० वर येतात. ज्याला मोठे टायर घालावयाचेच आहेत त्याने आसाला हात लावण्यापूर्वी ते घालून पाहावेत.

दुसरा घटक वरच्या वेगात एंजिनापाशी उरणारी शक्ती. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पिकअप गाडीचा आकार हवा कापण्यास मुळीच अनुकूल नसतो. ४·११ चा आस काढून ३·०७ चा बसवावा काय, हे पाहण्याची एक साधी परीक्षा आहे. ४·११ वर ताशी ७८ किमी.ला एंजिनाचे जेवढे फेरे पडतात, तेवढेच ३·०७ वर १०५ किमी.ला पडतील. पण तेव्हा हवेचा रोध सु. १·८ पट झालेला असेल व चाकाकडे जाणारा पीळ घटलेला असेल; केवळ हवेपुरता विचार केला तरी एंजिनाला सु. २·४ पट पीळ द्यावा लागेल. म्हणून नेहमीचे ओझे घालून, नेहमीच्या चढावर, सर्वांत वरच्या गिअरमध्ये ७८ किमी.ने जाऊन पाहावे. तेथेच एंजिन कष्टत असेल, तर ३·०७ चा विचार सोडावा. कमी फेऱ्यांत सतत पूर्ण दाबून चालविलेले एंजिन इंधन वाचवीत नाही. ते ठोके देऊ लागते व तापते. लहान व्ही-८ एंजिन आणि क्वचितच ओझे वाहणारी गाडी असेल, तर ३·०७ ते ३·५० यांमधील गुणोत्तर बहुधा समाधानकारक ठरते.

जोडगाडी ओढणाऱ्याने उताराचाही विचार केला पाहिजे. एंजिनाच्या रोधाने गाडी आवरण्याची क्षमता गुणोत्तराबरोबर घटते व तेवढा भार ब्रेकवर पडतो. जुन्या पिकअप गाड्यांचे ब्रेक चारही चाकांना ढोल पद्धतीचे असत व लांब उतारावर तापून त्यांची पकड ढिली होते. सह्याद्रीतील घाट उतरणाऱ्या चालकांना हे निराळे सांगावयास नको. मुंबईत १९४७ मध्ये ज्यांची जुळणी सुरू झाली त्या विलीस जीपांचे उदाहरण येथे बोलके आहे. युद्धकालीन एमबी जीपच्या आसाचे गुणोत्तर ४·८८ होते. युद्ध संपताच १९४५ मध्ये शेतकामासाठी काढलेल्या सीजे-२ए मध्ये ते ५·३८ करण्यात आले. जवळजवळ त्याच एंजिनाकडून निराळे काम घ्यावयाचे होते, एवढेच त्याचे कारण.

आसाऐवजी दंतचक्रपेटी बदलणे हा पर्याय पुष्कळदा सरस ठरतो. जनरल मोटर्सच्या १९८२ मध्ये आलेल्या ७००-आर४ या स्वयंचलित पेटीत पहिले गुणोत्तर ३·०६ व चौथे ०·७० आहे. आधीच्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० पेटीत ती अनुक्रमे २·५२ व, तिसऱ्या आणि शेवटच्या गिअरमध्ये, १·०० अशी होती. ४·११ चा आस तसाच ठेवून नवी पेटी बसविल्यास सुरुवातीची एकूण ओढ १०·४ वरून १२·६ वर जाते आणि ताशी १०५ किमी.चे फेरे ३,२२० वरून सु. २,२५० वर येतात. ओझे आणि पल्ला हे दोन्ही साधते. मात्र या पेटीला कार्ब्युरेटरशी जोडणारी तार अचूक लावावी लागते; ती ढिली राहिल्यास आतील दाब अपुरा पडून पेटीतील क्लच थोड्याच दिवसांत जळतात.

बसविणे : चक्रे बदलणे हे रस्त्याच्या कडेला करण्याचे काम नव्हे. फोर्डच्या १९५७ पासूनच्या नऊ इंची आसात मधला भाग समोरून अखंड काढता येतो, त्यामुळे दुसऱ्या गुणोत्तराचा तयार भाग बसविणे सोपे जाते. शेव्हर्लेच्या बारा बोल्टांच्या आसात सर्व जुळणी मागील झाकणातून, गाडीखालीच करावी लागते. लहान चक्राची खोली, धारव्यांवरील पूर्वताण व दात्यांमधील फट या तिन्ही गोष्टी मापाने जमवाव्या लागतात. फट पुष्कळ आसांत ०·१५ ते ०·२५ मिमी. ठेवतात. नंतर दात्यांना रंग लावून ठसा कोठे उमटतो ते पाहतात. तो दात्याच्या कडेला गेला असेल, तर आस वेगाबरोबर घोंघावू लागतो व तो आवाज पुढे कधीच जात नाही. काही आसांत विशिष्ट गुणोत्तराच्या पलीकडे विभेदकाची पेटीही बदलावी लागते : डाना ४४ मध्ये ही सीमा ३·७३ व ३·९२ यांच्या दरम्यान, तर डाना ६० मध्ये ४·१० व ४·५६ यांच्या दरम्यान आहे. खर्चाचा अंदाज करताना हे लक्षात न घेतल्याने काम अर्ध्यावर अडलेल्या गाड्या थोड्या नाहीत.

चारचाकी प्रेषणाच्या गाडीत पुढील व मागील आसांची गुणोत्तरे जुळलीच पाहिजेत. पुढे ४·१० व मागे ४·११ एवढा फरक चालतो. पण मागे ३·०७ व पुढे ४·११ असे ठेवून कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडल्यास दंडांत पीळ साठत जाऊन काहीतरी तुटते. म्हणजे येथे खर्च दुप्पट.

वेगमापकाची तार दंतचक्रपेटीच्या मागील टोकाकडून निघते, तेव्हा आस बदलला की त्याचे वाचन चुकते. ४·११ चा ३·०७ केल्यावर काटा ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ८० किमी.ने धावत असते. पेटीच्या टोकातील प्लॅस्टिकचे लहान चालित चक्र बदलून ही चूक दूर करतात. नव्या चक्रांना सुरुवातीचे काही अंतर हलक्या भाराने चालवून मधूनमधून थंड होऊ देतात आणि पहिल्या काही शे किमी.नंतर वंगण बदलतात. त्याबरोबर बाहेर येणारा धातूचा बारीक चुरा पाहून जुळणी नीट झाली की नाही याचाही अंदाज येतो.