सायकलीचा सांगाडा आणि धातूचा शिणवटा

यशवंतपूर जंक्शनातून जाणाऱ्या गाडीचा आस चाकांबरोबर फिरत असतो. त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला व एकदा दाबला जातो. हा भार आस एकदम मोडण्याइतका नसतो. परंतु तो लक्षावधी वेळा पडला की एखादी सूक्ष्म चीर उद्भवते, हळूहळू वाढते आणि आस अवचित तुटतो. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा असाच आस तुटून ५० हून अधिक माणसे दगावली. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर यांनी दीर्घकाळ प्रयोग करून दाखविले, की ताण एका ठरावीक मर्यादेखाली राहिला तर पोलादी आस कितीही फेऱ्यांनंतर तुटत नाही.

यशवंतपुराहून पीण्याच्या कारखान्यात सायकलीने जाणाऱ्या कामगाराचा प्रश्नही हाच आहे. मिनिटाला ६० फेरे, रोज एक तास, वर्षातून ३०० दिवस असे पायडल मारले, तर वर्षाकाठी फेऱ्यांची संख्या दहा लाखांवर जाते. रस्त्यातले खड्डे निराळेच. तेव्हा सांगाडा किती मजबूत आहे यापेक्षा तो किती वेळा भार सोसेल, हे पाहणे अगत्याचे.

ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. पण त्याला अशी निश्चित मर्यादा नाही. म्हणून त्याच्या नळ्या रुंद व जाड घेऊन ताण कमी ठेवावा लागतो. उत्तम बनावटीचा असा सांगाडा पुष्कळ वर्षे टिकतो. त्याला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र जोडाशी चीर गेली तर नुसते वेल्डिंग पुरत नाही. अनेक मिश्रधातूंना त्यानंतर उष्णतासंस्कार द्यावा लागतो आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही. कार्बन तंतूंचा सांगाडा शिणवटा छान सोसतो, पण आघाताने आतले थर सुटले तरी बाहेरून ते दिसेलच असे नाही. टायटॅनियम गंजत नाही. त्याची किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरची आहे.

राहता राहिले पोलाद. त्याचा वैरी गंज, आणि तो बहुधा आतून लागतो. सीटच्या नळीतून शिरलेले पाणी पायडलच्या आसापाशी साचते. वर्षातून एकदा सीटचा दांडा काढून त्याला ग्रीस लावावे, नळ्यांत थोडे तेल सोडून सायकल उलटसुलट करावी. कोकणात व मुंबईत, खाऱ्या हवेमुळे, हे पावसाळ्याआधी आणि नंतरही करावे.