जुनी जिप्सी : इंजिनाआधी चॅसी पाहा
जुनी गाडी, जाणती निवड – लेखांक ६

मागच्या लेखांकात ओडोमीटरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, हे पाहिले. आज एकाच गाडीविषयी बोलू. चंद्रपूर-गडचिरोलीत ज्याला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची हौस आहे, त्याने जमिनीला टेकलेल्या दोन दारांच्या गाडीमागे धावू नये. एटापल्ली-भामरागडकडच्या रस्त्यांवर तिचे पोट पहिल्याच पावसाळ्यात खरवडून निघेल. आपल्या भागाची खरी स्पोर्ट्स कार म्हणजे मारुती जिप्सी. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवर पर्यटकांना घेऊन उभी असणारी हीच गाडी हिमालयातल्या आणि राजस्थानच्या वाळूतल्या रॅलींमध्ये वर्षानुवर्षे पळाली आहे.

आधी कोणती जिप्सी, ते ठरवा. १९८५ साली आलेल्या जिप्सीला ९७० सीसीचे इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची, पाच गिअरची जिप्सी किंग आली. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आले आणि सोळा व्हॉल्व्हच्या त्या इंजिनाची ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. गाडीचे वजन मात्र टनभराच्या आसपासच राहिले. हलकी गाडी, मोकळ्या श्वासाचे इंजिन आणि फोर बाय फोर, या मेळामुळे रॅलीवाल्यांनी तिला जवळ केले. सुरक्षेचे नवे निकष २०१९ मध्ये लागू झाले आणि सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. म्हणजे आता मिळेल ती प्रत्येक जिप्सी जुनीच. पहिल्यांदा घेणाऱ्याने एमपीएफआय किंगच पाहावी. कार्ब्युरेटरची गाडी स्वस्त पडते, पण ती नीट जुळवून देणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत.

गाडी बघायला गेल्यावर बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात. तुम्ही आधी गाडीखाली शिरा. जिप्सीची बॉडी वेगळ्या चॅसीवर रबराच्या बुशांवर बसवलेली असते आणि गाडीचे सगळे बळ त्या चॅसीत असते. इंजिन दमले असेल तर बोअर करून, पिस्टन-रिंग बदलून उभे करता येते. याच घराण्याचे इंजिन एस्टीममध्येही होते, त्यामुळे त्यावर हात बसलेले मिस्त्री आपल्याकडे सापडतात. सडलेल्या किंवा वाकलेल्या चॅसीला मात्र असा इलाज नाही. वेल्डिंगचे ठिगळ मारले तरी गाडी सरळ रेषेत धावेलच, याची खात्री उरत नाही.

म्हणून पाटे जिथे शॅकलने चॅसीला जोडले आहेत ती जागा, मागची आडवी पट्टी, मडगार्डच्या आतली बाजू आणि पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेले, तर वरचा ताजा रंग विसरा. आपल्याकडे दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी भामरागडचा रस्ता अडवते, इरई-वर्धा नद्यांचा फुगवटा चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरतो. गाडी पुरात बुडाली होती का, हे सीटच्या बोल्टवरचा गंज, डॅशबोर्डमागच्या वायरिंगवर बसलेला गाळ आणि डिफरन्शिअलचे ऑइल सांगते. ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे.

यानंतर गाडी चालवून पाहा. पन्नास-साठच्या वेगात स्टीअरिंग थरथरत असेल, तर पुढच्या अॅक्सलचे किंगपिन बेअरिंग झिजलेले असण्याची शक्यता मोठी. चाकामागच्या गोल नकलवर ग्रीस वाहत असेल तर सील गेले आहे. फोर बाय फोर कोरड्या डांबरावर तपासू नका, ट्रान्समिशनवर ताण येतो. मऊ मातीत न्या. पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतील तर ते लॉक करा, मग लिव्हर फोर-एच आणि फोर-एलवर टाकून पाहा. गिअर सटकून बाहेर आला किंवा कटकट ऐकू आली, तर ट्रान्सफर केसचा खर्च किमतीतून वजा करा.

ताडोबात चाललेली जिप्सी विकायला आली तर विशेष सावध राहा. जंगलात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, वाघाची वाट पाहत थांबते, पुन्हा सुरू होते. किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन, क्लच आणि स्टार्टर यांचे काम कितीतरी जास्त झालेले असते. त्यात छप्पर काढून मागे उंच बाके बसवलेली असतात. त्या जोडकामाचे वेल्डिंग नीट पाहा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. पिवळ्या पाटीची गाडी खाजगी करून घेण्याची प्रक्रिया आरटीओत पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कागदांत चॅसीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः जुळवा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. बहुतेक जिप्सी या टप्प्याच्या पलीकडे गेल्या आहेत, म्हणून पासिंग कधीपर्यंत आहे, ते सौद्याआधी विचारा. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५, परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली गाडी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र, एवढे हातात हवे.

आता मॉडिफिकेशन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून आरसीवरील नोंदी वेगळ्या ठरतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. इंजिन त्याच प्रकारचे बसवायचे असले तरी आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. लोखंडी बुलबारवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. कायद्याइतकेच यंत्राचेही ऐका. पाटे फार उंच केले की प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, टायर फार मोठे घातले की गाडी जड चालते आणि ब्रेकला कष्ट पडतात. फोडलेल्या सायलेन्सरला तर जंगलाच्या जिल्ह्यात जागाच नसावी. हौस करायची तर चांगले शॉक अब्सॉर्बर, योग्य मापाचे दणकट टायर, नवे ब्रेक पाइप आणि निर्दोष वायरिंग यांवर करा. गाडीतला फरक पहिल्याच वळणावर कळेल.

देखभालीत आपल्या हवामानाला धरून चाला. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर जातो, म्हणून मार्चआधी रेडिएटर साफ करून घ्या, कूलंट बदला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नका, तापण्याचे मूळ कारण शोधा. कोळशाच्या खाणी आणि सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांचा रस्ता जवळ असेल तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर बदला. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर घरी नेण्याआधी नवा टाका. नाला ओलांडला की दोन्ही डिफरन्शिअलचे ऑइल आणि ब्रेक ड्रम तपासा, शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस द्या.

हातात जेवढे पैसे आहेत तेवढ्याची जिप्सी घेऊ नका. साधारण चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी वेगळा काढा. चकाकत्या रंगाची आणि महाग दिव्यांची गाडी सोडून फिकट रंगाची, पण निरोगी चॅसीची आणि स्वच्छ कागदांची जिप्सी निवडलीत, तर तो पैसा तुमच्या हौसेच्या कामी येईल. नाहीतर तो दुसऱ्याने केलेली जोडाजोड निस्तरण्यात जाईल.

पुढील आठवड्यात : पाटे, शॉक अब्सॉर्बर आणि टायर – जुन्या फोर बाय फोरची चाल कशी सुधारावी.