सहा अधिक आठ बरोबर दहा!

सहा आणि आठ मिळून किती? चौदा, हे पहिलीतले पोरही सांगेल. पण अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हीच बेरीज दहा येते आणि नवे विद्यार्थी डोके खाजवू लागतात.

प्रयोग अगदी साधा आहे. रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, १० व्होल्ट दाबाची प्रत्यावर्ती वीज घ्यायची. प्रत्यावर्ती म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणारी. तिच्या मार्गात एक रोधक आणि एक धारित्र, म्हणजेच कंडेन्सर, एकापुढे एक जोडायचे. मग व्होल्टमापकाने दोघांवरील दाब वेगवेगळा मोजायचा. समजा, रोधकावर ६ व्होल्ट भरले. मग धारित्रावर ४ च भरायला हवेत ना? पण भरतात ८! जास्तीचे ४ व्होल्ट आले कोठून? मापक बिघडला की काय? मुळीच नाही.

धारित्र हे पाण्याच्या टाकीसारखे असते. टाकीत पाणी येऊ लागले की पातळी हळूहळू चढते. ती सर्वांत उंच केव्हा असते? पाणी येणे थांबून ते बाहेर पडू लागते, त्या क्षणी! म्हणजे प्रवाह शून्य असताना पातळी सर्वाधिक. धारित्रावरील दाबही असाच प्रवाहाच्या पाव आवर्तन मागे असतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणून हे अंतर १/२०० सेकंद भरते. रोधकाचा दाब मात्र प्रवाहाबरोबरच चढतो व उतरतो. तेव्हा दोन्ही दाब एकाच क्षणी शिखरावर कधीच नसतात. मापक दाखवतो ती एक प्रकारची सरासरी. कोण पुढे, कोण मागे, हे तो सांगत नाही.

आता कागद घ्या. पाव आवर्तन म्हणजे पाव फेरा, अर्थात काटकोन. ६ सेंमी. लांबीचा आडवा बाण काढा. त्याच्या टोकापासून काटकोनात खाली ८ सेंमी.चा बाण काढा. पहिल्याच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत पट्टी लावा. बरोबर १० सेंमी.! ३६ अधिक ६४ बरोबर १००. हा तर आपला पायथागोरसचा सिद्धांत. अभियंते अशा बाणाला 'फेझर' म्हणतात.

बाणांच्या या गणिताला सोपे रूप दिले चार्ल्स स्टाइनमेट्झ याने. १८६५ साली ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे, जन्मलेला हा गणिती १८८९ मध्ये अमेरिकेत गेला. १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत त्याने आपली रीत मांडली. बाण काटकोनात फिरवणे म्हणजे त्याला −१ च्या वर्गमुळाने गुणणे. असे दोनदा केले की −१ ने गुणल्यासारखे होते, म्हणजेच बाण उलटा होतो! ज्या संख्येला लोक 'काल्पनिक' म्हणत, तिने अवघड समीकरणांचे काम साध्या बीजगणितावर आणले.

हे केवळ परीक्षेपुरते नाही. २३० व्होल्टची एखादी मोटार १० अँपिअर प्रवाह घेते असे समजा. मोटारीतील वेटोळ्यांमुळे प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. त्या १० च्या बाणाचे दोन भाग पडतात : दाबाबरोबर चालणारे ८ अँपिअर आणि त्याच्याशी काटकोनात असलेले ६. काम होते ते ८ अँपिअरमुळे, म्हणजे १,८४० वॉट. तारांना मात्र पुरे १० अँपिअर वाहून न्यावे लागतात. मोटारीला समांतर असे योग्य धारित्र जोडले, की त्याचा ६ अँपिअरचा बाण बरोबर उलट दिशेला येतो. दोन्ही ६ एकमेकांना खोडतात आणि पुरवठ्याच्या तारांत ८ च अँपिअर उरतात. तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ती १०० वरून ६४ वर येते! कारखान्यांत धारित्रे बसवतात ती यासाठीच.

घरच्या विजेवर मात्र असले प्रयोग करू नका; कागद आणि पट्टी पुरेशी आहे. आता सांगा पाहू : रोधकावर ५ आणि धारित्रावर १२ व्होल्ट असतील, तर पुरवठ्याचा दाब किती?