ओटी घेणारा माणूस

टाकीपासून सर्वांत लांबच्या नळाला पाणी आलं की काचेच्या छोट्या नळीत ते भरायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि नळी उजेडाकडे धरून रंग पाहायचा. पिवळी झाक आली तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. नाही आली तर तो वाटेतच कुठेतरी संपला. पाणीपुरवठा खात्यातली माणसं याला नुसतं ‘ओटी घेणं’ म्हणतात. चाचणी सोपी दिसते, पण तिच्यात एक मेख आहे. मुक्त क्लोरीनचा रंग पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत उमटतो. नळी तशीच पाच मिनिटं ठेवली तर अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देऊ लागतो आणि पिवळेपणा गडद होत जातो. हा बांधलेला क्लोरीन जंतू मारायच्या कामी फार दुबळा. म्हणजे उशिरा नोंद करणारा माणूस जास्त आकडा लिहितो, तोही अगदी प्रामाणिकपणे. सांडपाण्यात अमोनिया असतो, त्यामुळे जिथे लाईनीत गटाराचं पाणी शिरलंय, नेमकी तिथेच नळी जास्त फसवते. ही गोष्ट कुणी समोर बसवून सांगितल्याशिवाय कळत नाही. राज्यातल्या नगरपालिकांमध्ये ओटी घेणाऱ्या किती जणांना ती सांगितली गेली आहे, हा या लेखाचा विषय.

आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन शिल्लक हवा. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५. हा आकडा मुख्याधिकारी सांभाळत नाहीत, पाणीपुरवठा अभियंताही रोज सांभाळू शकत नाही. तो फिल्टरवरच्या ऑपरेटरच्या, पंपावरच्या माणसाच्या आणि पहाटे चावी फिरवत फिरणाऱ्या व्हॉल्व्हमनच्या हातात असतो. त्यामागे साधा हिशेब आहे. दहा लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅमची मात्रा द्यायची तर २ किलो क्लोरीन लागतो. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन असेल तर ८ किलो पावडर पुरते. तीच पावडर पावसाळ्यात, दमट खोलीत, तोंड उघड्या पोत्यात पडून १० टक्क्यांवर उतरली तर २० किलो लागते. पोत्यावर छापलेला आकडा मात्र तोच राहतो. ‘रोज इतकी घमेली’ या ठरलेल्या मापाने पावडर कालवणारा कामगार कामात काडीचीही कसूर करत नाही आणि तरी पाणी असुरक्षित होतं.

आपल्याकडे बॉयलर चालवायला सक्षमतेचा दाखला लागतो. त्याची कायद्याची चौकट १९२३ सालापासूनची आहे. विजेच्या तारा जोडायला तारमार्गतंत्रीचा परवाना लागतो. पन्नास हजार लोक जे पाणी पिणार त्यात क्लोरीन सोडणाऱ्याला मात्र देशभर लागू असलेला कोणताही सक्तीचा परवाना लागत नाही. बॉयलर फुटला तर त्याच क्षणी दिसतो. पाण्यातली चूक आठवडाभराने, दवाखान्याच्या रांगेत दिसते. कदाचित म्हणूनच तिची भीती कायद्यात उतरली नसावी.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती उतरली, पण सात माणसं गेल्यावर. वॉकर्टन हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला आणि शेणखत घातलेल्या शेतालगतच्या एका उथळ विहिरीत ई. कोलायचा घातक प्रकार उतरला. त्या विहिरीवर क्लोरीन सतत मोजणारं यंत्र नव्हतं. रोज हाताने मोजून नोंद करायची पद्धत होती आणि ती नोंद बहुतेक दिवशी न मोजताच ०.५ किंवा ०.७५ अशी लिहिली जात होती. सुमारे २,३०० लोक आजारी पडले.

पाण्याची जबाबदारी स्टॅन आणि फ्रँक कोबेल या दोघा भावांवर होती. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगापुढे जे आलं ते वाचताना मला राग येण्याऐवजी धस्स झालं. हे दोघे जंतू सोडायला बसलेले खलनायक नव्हते. वर्षानुवर्षं तिथेच काम करत, आधीच्या माणसांचं बघून शिकलेले, त्याच गावचे रहिवासी. परवाने त्यांच्याकडे होते, पण परीक्षा न देता, जुन्या अनुभवाच्या जोरावर मिळालेले. ई. कोलाय माणसाचा जीव घेऊ शकतो याची नीट कल्पना त्यांना नव्हती. क्लोरीनचा वास नको म्हणणारे गावकरी होते आणि पाणी मुळातच चांगलं आहे अशी दोघांची श्रद्धा होती. खोट्या नोंदींचा दोष त्यांच्या पदरी पडला आणि तो योग्यच होता. पण ओकॉनर तिथे थांबले नाहीत. ऑपरेटरांचं प्रशिक्षण, परीक्षा, तपासणी या सगळ्यावर त्यांनी शिफारशी केल्या. आज ओंटारिओत पिण्याच्या पाण्याच्या ऑपरेटरला परीक्षा द्यावी लागते, दर ३ वर्षांनी दाखल्याचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी दरवर्षी ठरावीक तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. २००४ मध्ये त्याच वॉकर्टन गावात ऑपरेटरांसाठी प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. तिथे लहान आणि दूरच्या गावांतल्या कामगारांकडे खास लक्ष दिलं जातं.

आपल्याकडे इशारे कमी आलेले नाहीत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीने हजारो लोक आजारी पडले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलेन-बॅरी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले. पुणे आणि आसपासची रुग्णसंख्या दोनशेच्या घरात गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला आणि पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही अलीकडच्या वर्षांत महापालिकेत आलेली गावं. हद्द एका अधिसूचनेने वाढते. फिल्टर, लाईन आणि शिकलेली माणसं तितक्या वेगाने येत नाहीत. नांदेडच्या विहिरीचं पाणी गाळणीविना, नुसत्या क्लोरीनच्या भरवशावर जात होतं. अशा ठिकाणी आजार आणि माणूस यांच्यामध्ये क्लोरीनची मात्रा देणारा कामगार, एवढी एकच भिंत असते.

पाणी दिवसाआड किंवा चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावांत व्हॉल्व्हमनचं काम आणखी नाजूक. पुरवठा बंद झाला की लाईन रिकामी होते, आत दाब उरत नाही आणि भेगांतून भोवतालचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला पहिलं पाणी वाहू द्यायचं, व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा आणि त्याहून सावकाश बंद करायचा, नाहीतर पाण्याच्या धक्क्याने जुना पाईप फुटतो. ही सगळी विद्या आज एका व्हॉल्व्हमनच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते. तिच्यात फार मोलाचं ज्ञान आहे, आणि जुन्या चुकाही आहेत.

मोठ्या केंद्रांवर क्लोरीन वायू टनर नावाच्या मोठ्या सिलिंडरमधून येतो. एका टनरमध्ये साधारण ९०० किलो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, म्हणून तो जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात साचतो. गळती कुठे आहे हे अमोनियाच्या बाटलीने शोधतात. पांढरा धूर उठला की तीच जागा. टनरमधून द्रव गळत असेल तर तो असा फिरवायचा की गळकी जागा वर येईल. मग द्रवाऐवजी वायू निघतो आणि बाहेर पडणारं प्रमाण कितीतरी घटतं. गळतीवर पाणी मारायचं नाही, त्याने धातू अधिक गंजतो आणि भोक मोठं होतं. घाबरलेल्या माणसाला नेमकं पाणीच मारावंसं वाटतं, आणि पळावंसं वाटतं ते उताराकडे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि उंचावर जायचं, हे शरीराला सवयीने कळावं लागतं; त्यासाठी रंगीत तालीम हवी. भिंतीवरचा सूचनाफलक रात्रपाळीला एकट्या माणसाच्या कामी येत नाही.

शिकायच्या जागा नाहीत असं मात्र नाही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची मुळं १९७६ च्या कायद्यात आहेत आणि नाशिकची ‘मित्रा’ ही त्याची प्रशिक्षण प्रबोधिनी. नागपूरची नीरी १९५८ पासून पाण्यावर संशोधन करते आहे. १९२६ साली मुंबईत सुरू झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था पालिका कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालवते, पुण्यात यशदा आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशनचं मुख्यालयही मुंबईतच आहे. आयटीआयमध्ये पंप ऑपरेटर-कम-मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. वीस वर्षं काम केलेल्या पण हाती कागद नसलेल्या माणसासाठी पूर्वानुभवाला मान्यता देणारी कौशल्य योजनाही आहे; तिच्याबद्दल कामगार संघटनांनी आपल्या सभासदांना आवर्जून सांगायला हवं.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रशिक्षणाचं पत्र येतं ते कार्यालयात आणि जातो अभियंता, फार तर एखादा कायम पर्यवेक्षक. फिल्टरवरचा माणूस कंत्राटदाराचा असतो. त्याला तीन दिवस नाशिकला पाठवायचं तर त्याची पाळी कोण करणार, त्या दिवसांची मजुरी कोण देणार, आणि पुढच्या वर्षी कंत्राट बदललं तर शिकवलेला माणूस राहील का, या प्रश्नांना कुणी हात घालत नाही. ठेकेदाराला त्याच्यावर खर्च करण्यात रस नाही, पालिकेच्या लेखी तो आपला नाही. माझं स्पष्ट मत आहे की निविदेतच प्रशिक्षित ऑपरेटरची अट हवी, कंत्राट बदललं तरी माणूस टिकवण्याचं कलम हवं आणि दाखला मिळाला की पगारात वाढ हवी. शिकूनही हातात पैसे तेवढेच पडणार असतील तर रात्रपाळी करून आलेला माणूस वर्गात जागा राहणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आणखी एक वाट ओडिशाने दाखवली. जुलै २०२१ मध्ये पुरी शहराने नळाचं पाणी चोवीस तास, थेट पिण्याजोगं देण्याची घोषणा केली. त्यामागे बचत गटांतल्या ‘जलसाथी’ होत्या: घरोघरी मीटर वाचणाऱ्या, पाणी तपासणाऱ्या, तक्रार खात्यापर्यंत नेणाऱ्या. केंद्राच्या अमृत अभियानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘जल दिवाळी’ नावाने देशभरातल्या बचत गटांच्या हजारो महिलांना जलशुद्धीकरण केंद्रं दाखवली, तपासणी कशी करतात ते शिकवलं. भेट चांगली, पण एका दिवसाची. त्यांतल्या निवडक जणींच्या हाती तपासणी संच, नियमित मानधन आणि गल्लीतल्या शेवटच्या नळाची जबाबदारी दिली तर ओटी घेणारे हात वाढतील. केंद्रावरच्या नोंदी पडताळायला गावातलेच डोळेही मिळतील.

नगरपालिकांची अंदाजपत्रकं जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतात. पाणीपुरवठ्याच्या शीर्षाखाली पाईप, पंप, तुरटी, टीसीएल, वीजबिल सगळं असतं. प्रशिक्षण आणि त्या काळातल्या बदली कामगाराची मजुरी यासाठी वेगळी ओळ आहे का, एवढं नगरसेवकाला विचारता येतं. आपल्या फिल्टरवर रात्री कोण असतं, त्याचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं आणि टीसीएलची शेवटची तपासणी कितीवर निघाली, हेही लेखी मागता येतं. या दिवाळीनंतरच्या सभेत ते मागून पाहा.